पाच गावं आणि एक सुतळी

जुलैमध्ये तिकडे जाऊ नका, भाजून निघाल, असं ज्याने त्याने सांगितलं होतं आणि आम्ही जुलैमध्येच गेलो कारण मला रजा तेव्हाच मिळाली. आम्ही म्हणजे मी आणि बाबा. आईचे गुडघे, त्यामुळे ती हॉटेलच्या एसीत पुस्तक घेऊन बसली, आणि आता वाटतं तिघांत शहाणी तीच.

तर चिंक्वे तेर्रे. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरची डोंगराला चिकटलेली पाच गावं, १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बाबांना मी सांगितलं होतं की समुद्राकाठाने एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचंय. त्यांच्या डोळ्यासमोर ओल्या वाळूतून पँट दुमडून चालणं आलं असणार. मीही काही फार सुधारून सांगितलं नाही.

ला स्पेत्सियाहून सकाळची ट्रेन पकडून सगळ्यात लांबच्या गावाला, माँतेरोस्सोला उतरलो. वाळूचा म्हणावा असा मोठा बीच काय तो इथेच. बाबा खुश. मग वाट लगेच गावाबाहेर पडून लिंबांच्या बागांमधून सरळ वर चढायला लागली, दगडी पायऱ्या, एक वळण संपलं की पुढच्या पायऱ्या, आणि बाबा थांबून म्हणाले, "अगं, समुद्र खाली राहिला की."

"येतो परत."

"कधी?"

वेर्नात्सा जेमतेम साडेतीन किलोमीटर, पण पाटीवर दोन तास लिहिलेले असतात आणि ते खरे असतात. या मुख्य वाटेला तिकिटासारखं एक कार्ड काढावं लागतं, आणि चपला-स्लीपर घालून आलात तर ५० ते २५०० युरो दंड आहे. हे मी आधी वाचलं होतं म्हणून बाबांना त्यांचे ट्रेकिंग शूज आणायला लावले होते. ते शूज सहा वर्षं माळ्यावर पडून होते हे मात्र मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, असे बूट नुसते ठेवले तरी आतून भुसभुशीत होतात. वेर्नात्सा खाली दिसायला लागलं, तो बंदराच्या टोकावरचा बुरूज, पाण्याला लागून उभं असलेलं चर्च, मी फोटो काढायला फोन वर केला आणि मागून फट्ट आवाज आला. उजव्या बुटाचा सोल पुढून सुटून मगरीने तोंड उघडावं तसा लोंबत होता.

मी रडायच्या बेतात. बाबांनी शांतपणे सॅक उघडली, औषधांच्या डब्याखालून सुतळीचं भेंडोळं काढलं (युरोपला येताना सुतळी! विचारलं तर म्हणे असू द्यावी), बुटाला दोन आडवे, एक तिरका वेढा देऊन गाठ मारली, दोनदा पाय आपटून बघितला. "चल."

खाली गावात दुकानं पालथी घातली. दुकानात काय मिळालं, तर स्लीपर. म्हणजे ज्या घालून वाटेवर आलात तर दंड होतो त्याच. बाबा इतके हसले की दुकानातली बाई आमच्याकडे बघायला लागली.

वेर्नात्साच्या त्या मुख्य गल्लीत फोकाचा, म्हणजे तिकडचा जाडसर पाव, खात बसलो होतो तेव्हा मी बाबांना सांगितलं की २५ ऑक्टोबर २०११ ला इथे ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि वरून आलेल्या चिखल-दगडांनी ही गल्ली पहिल्या मजल्यापर्यंत भरली होती. बाबांनी मान वर करून डोंगराकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं, आणि खाणं थांबवलं. "वरचे गडगे पडले असणार," म्हणाले. गडगा म्हणजे आमच्याकडची दगडावर दगड रचलेली भिंत.

तोपर्यंत मी डोंगरावरच्या भिंतींकडे नीट बघितलंच नव्हतं. नंतर मात्र दुसरं काही दिसेना. अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलाय, दर पायरीला एक दगडी बांध, त्यात माती, मातीत द्राक्षं नाहीतर ऑलिव्ह. आणि बांध सगळे कोरडे, चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. म्हणजे गडगाच की! बाबा कोकणातले, लहानपणी दर वर्षी गडग्यांची डागडुजी करण्यात त्यांची मे महिन्याची सुट्टी गेलेली. पुढच्या गावाच्या, कोर्नील्याच्या वाटेवर एका बांधापाशी ते उकिडवे बसले आणि मला फटीत बोट घालायला लावलं. आतून गार हवा लागली, ओलसर. "इथून पाणी निघून जातं. सिमेंट घातलं असतं तर पाणी मागे तुंबलं असतं आणि पावसात भिंत पोट काढून फुटली असती." मग दाखवलं की भिंत सरळ उभी नाही, डोंगराकडे किंचित कललीये, मोठे दगड खाली, लांबट दगड आत घुसवलेले, आणि मधे बारीक चिपा गच्च ठोकलेल्या. अशी भिंत रचायच्या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशात घेतलंय, इटलीसकट आठ देशांची मिळून, हे मी नंतर ट्रेनमध्ये वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग आमचं काय?"

अडचण अशी की शेती परवडत नाही म्हणून लोक खाली उतरले, वरचे बांध सोडून दिले. बांधाचा एक दगड निसटला की माती सुटते, मग खालचा बांध, मग वाट. कोर्नील्या ते मानारोला ही खालची सोपी वाट अशाच दरडींमुळे बरीच वर्षं बंद आहे.

कोर्नील्या हे पाचातलं एकच गाव ज्याला बंदर नाही, समुद्रापासून शंभरेक मीटर वर कड्यावर बसलंय. ट्रेनने येणाऱ्यांना स्टेशनवरून ३८२ पायऱ्या असतात, आम्ही वेर्नात्साकडून चालत आलो म्हणून त्या वाचल्या. नळावर बाटल्या भरल्या, डोकी भिजवली आणि चार वाजेपर्यंत एका भिंतीच्या सावलीत चक्क झोपलो. दुपारी बारा ते चार त्या वाटांवर सावली नसते, तेव्हा चालू नका, खरंच.

मग वरून, व्होलास्त्रा नावाच्या डोंगरावरच्या वस्तीमार्गे मानारोला. चढ जीवघेणा, मी दोनदा बसले, बाबा सुतळीसकट पुढे. पण वर पोचल्यावर वाट द्राक्षांच्या बांधावरूनच सपाट जाते, एका हाताला वेली, दुसऱ्या हाताला थेट खाली समुद्र, पाय घसरणारच नाही असं काही म्हणवत नाही. मधेच एक दातेरी रूळ दिसला, एकच, जमिनीपासून गुडघाभर उंच, डोंगरावर सरळ चढत गेलेला. द्राक्षांच्या क्रेट वाहायला त्यावरून छोटं इंजिन चालतं, मागे माणूस बसतो. बाबा त्या रुळापाशी पंधरा मिनिटं. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब चालला असणार डोक्यात, मी विचारलं नाही.

मानारोलात होड्या रस्त्यावर उभ्या असतात, आपल्याकडे स्कूटर असतात तशा. पोरं खडकावरून उड्या मारत होती. इथून रियोमाज्जोरेला जाणारी ती प्रसिद्ध 'प्रेमाची वाट' २०१२ मध्ये दरड कोसळल्यावर बंद झाली होती, २०२४ मध्ये परत उघडली, पण तिला वेळ ठरवून वेगळं तिकीट लागतं आणि ते आमच्याकडे नव्हतं. बाबा म्हणाले बरं झालं. दोन मिनिटांच्या ट्रेनने पाचवं गाव गाठलं, बंदरावर पाय पाण्यात सोडून बसलो, चौदा तासांत पहिल्यांदा पाय समुद्राला लागले.

रात्री हॉटेलवर बाबांनी बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्याआधी वीस मिनिटं बसून सुतळीच्या गाठी सोडवल्या, भेंडोळं केलं आणि परत औषधांच्या डब्याखाली ठेवलं.