शूम ते नुआदिबू: लोखंडाच्या गाडीवरची एक रात्र

पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियात रस्त्याने फिरायचं म्हणजे पासपोर्टच्या झेरॉक्सचा गठ्ठा जवळ लागतो. दर नाक्यावर शिपाई एक कागद मागून घेतो आणि गाडी पुढे सोडतो. आतारहून शूमला निघालेल्या मिनीबसमध्ये परदेशी असा मी एकटाच होतो. नाका आला की ड्रायव्हर मागे न बघता हात करायचा, मी त्यावर कागद ठेवायचो. टपावर खजुराची पोती, गाद्या आणि पाय बांधलेल्या बकऱ्या होत्या. दुपारी शूमला उतरलो तेव्हा त्या बकऱ्याही माझ्याबरोबर उतरल्या. आम्हा सगळ्यांना एकच गाडी पकडायची होती.

प्रवास करणं, त्यावर लिहिणं आणि व्हिडिओ बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. या फेरीचा निम्मा खर्च प्रवासी बॅगा आणि जाकिटं बनवणाऱ्या एका कंपनीने उचलला होता. त्यांनी दृश्यांची यादी दिली होती. तीत सर्वांत वर, ठळक अक्षरांत: चालत्या गाडीवर, खनिजाच्या ढिगावर उभं राहून, हात पसरून, मागे वाळवंट. झुएरात ते नुआदिबू या खनिजाच्या गाडीचं नाव ज्यांनी ऐकलंय त्यांनी हेच चित्र पाहिलेलं असतं.

मला मात्र तिथे जायचं कारण वेगळं होतं. मी गोव्यातल्या डिचोलीचा. आमच्या लहानपणी घराच्या दारासमोरून दिवसभर मिनेर, म्हणजे लोखंडाचं खनिज, भरलेले टिपर जायचे, धूळ बसवायला पाण्याचा टँकर फिरायचा, तरी तुळशीवृंदावनापासून वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत सगळं लाल असायचं. वडील बार्जवर होते. मांडवीतून मुरगावला माल पोचवायचा, तिथून तो बोटीने जपानला, नंतर चीनला. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, 2018 साली लीज रद्द झाल्या, आणि आमच्या आळीतल्या कितीतरी घरांपुढे टिपर नुसते उभे राहून गंजले. त्यामुळे जगात कुठेही लोखंडाची खाण म्हटली की त्या मालाबरोबर माणसं कशी जगतात हे बघायची मला ओढ लागते. ही गाडी माझ्या मनात बरीच वर्षं होती.

मार्ग 704 किलोमीटरचा, 1963 साली सुरू झालेला. झुएरातजवळच्या डोंगरांतलं खनिज अटलांटिकवरच्या नुआदिबू बंदरात आणायचं एवढ्यासाठीच तो बांधला. सुरुवातीला खाणी परदेशी भांडवलाच्या कंपनीकडे होत्या, 1974 मध्ये त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. पश्चिम सहारासाठीच्या लढाईत मॉरिटानिया उतरला तेव्हा तिथल्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ संघटनेच्या सैनिकांनी याच रुळांवर हल्ले केले, कारण देशाचा पैसा याच रुळांवरून येत होता. 1978 मध्ये लष्कराने सत्ता घेतली त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. शूमजवळ एक बोगदाही आहे, दोन किलोमीटरला थोडा कमी, कठीण ग्रॅनाइट फोडून केलेला. शेजारचा सपाट तुकडा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता, म्हणून मॉरिटानियावर राज्य केलेल्या फ्रेंचांनी वळसा घालायच्याऐवजी डोंगरच पोखरला. स्पेन गेलं, बोगदा बंद पडला, आणि आज गाडी त्या सपाट तुकड्यावरून निवांत जाते. ज्यांच्या भूमीवर या रेघा ओढल्या त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

शूमला फलाट नाही. रुळांपासून थोड्या अंतरावर दोन-चार खोल्या, चहाची शेगडी आणि वाट बघणारी माणसं. ओळख झाली ती एका सत्तरीतल्या गृहस्थांशी. सगळे त्यांना हाज म्हणत. निळा दर्रा म्हणजे ढगळ अंगरखा, डोक्याला काळा हौली म्हणजे डोक्या-तोंडाला गुंडाळायचं लांब कापड, हातात काठी. त्यांचा नातू सतराएक वर्षांचा, नुआदिबूला मासळीच्या कारखान्यात कामाला लागायला निघालेला. त्याला शाळेतलं फ्रेंच येत होतं, मला पणजीच्या शिकवणीतलं. दोघांचं मिळून भागलं. रस्त्याने नुआदिबूला जायचं तर आधी खाली नुआकशॉट गाठावं लागतं आणि मग परत वर, म्हणजे हजारेक किलोमीटर आणि भाड्याचे पैसे. गाडी सरळ जाते आणि तेव्हा मालाच्या डब्यात बसलं तर पैसे पडत नसत. हाजांनी आयुष्यभर बकऱ्या याच गाडीने नेल्या.

त्यांनी माझा गॉगल बघितला, तोंडाचा मास्क बघितला, मान हलवली. माझा हौलीही त्यांना पसंत पडला नाही. मी बांधला होता तो सोडवून त्यांनी पुन्हा बांधला, नाकावरून दोन वेढे जास्त.

सूर्य बुडता बुडता गाडी आली. आधी इंजिनं, मग डबे, मग डबेच डबे. दोनशेवर डबे, अडीच किलोमीटरच्या आसपास लांबी. एकेका डब्यात 84 टनांपर्यंत माल. गाडी थांबली की किती वेळ थांबेल याचा भरवसा नसतो, म्हणून आधी बकऱ्या, मग पोती, मग माणसं. नातू वर चढून ओढत होता, मी खालून ढकलत होतो. शिडीची लोखंडी पट्टी अजून उन्हाने तापलेली होती.

डब्यात माल दोन ढिगांत असतो, वर निमुळता. हाजांनी काठी बाजूला ठेवली आणि हातांनी तो सपाट करायला सुरुवात केली, मधल्या घळीत, डब्याच्या काठापासून लांब. आम्ही सगळे लागलो. वर जुनी चटई, त्यावर घोंगडी. काठावर बसून पाय बाहेर सोडलेला माणूस मी बघितला आहे तो फक्त व्हिडिओंत. तिथला एकही माणूस काठाजवळ बसला नाही.

इथली धूळ आमच्या धुळीसारखी नाही. आमची लाल, कपड्यात मुरणारी. ही करडी-काळी, जड, चकचकणारी. कॉलरला लावायच्या माइकला मागे छोटं चुंबक असतं. तासाभराने बघितलं तर त्या चुंबकावर काळे काटे उभे राहिले होते, एकाला एक धरून, बोटाने पुसले की सरकायचे आणि परत उभे राहायचे. झुएरातच्या खनिजात मॅग्नेटाइट असतं, त्याचा हा प्रताप. फोनच्या स्पीकरच्या जाळीतही तेच. नातवाला भारी मौज वाटली. तो चुंबक फिरवत बसला आणि मी त्याचंच चित्रीकरण करत बसलो. त्या फेरीतलं माझं सर्वांत आवडतं चित्रण आजही तेच आहे.

गाडी सुटताना पहिला धक्का बसला तेव्हा हाजांनी मला एक गोष्ट शिकवली. डब्यांना जोडणाऱ्या प्रत्येक आकड्यात थोडी ढील असते. इंजिनाने ओढलं किंवा दाबलं की ती ढील एकामागून एक संपत मागे येते. लांबून खाड-खाड-खाड असा आवाज पळत येतो, मोठा होत जातो आणि मग आपला डबा हिसकतो. आवाज आधी, हिसका नंतर. मधे काही क्षण मिळतात. तो आवाज आला की हाज बोलणं अर्धवट सोडून आडवे व्हायचे, नातू आडवा व्हायचा, मीही व्हायचो. बकऱ्यासुद्धा पाय रोवायच्या.

अंधार पडल्यावर थंडी वाढली. जानेवारीतली वाळवंटातली रात्र, त्यात वारा. शेगडी पत्र्याच्या डब्यात पेटवून हाजांनी चहा केला. हिरवा चहा, पुदिना, भरपूर साखर, एका ग्लासातून दुसऱ्यात उंचावरून ओतत फेस काढलेला. त्यात धूळ पडतच होती. आम्ही ती गाळून न घेता प्यायलो.

आमच्यापुढे दोन डबे सोडून एक युरोपीय जोडपं होतं. शूमलाच चढलेलं, उमदी मुलं, माझ्याशी हसून बोललेली. चंद्र वर आल्यावर त्यातला मुलगा ढिगावर उभा राहिला. डोक्याला दिवा, हात पसरलेले, मुलगी खालून कॅमेरा धरून. माझ्या यादीतलं दृश्य अगदी तसंच माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं. हाज उठून बसले आणि ओरडले. नातू ओरडला, मीही ओरडलो. वाऱ्यात काही पोचेना. मी टॉर्च त्यांच्याकडे धरून खाली-वर हलवला. त्याने हात हलवून उत्तर दिलं.

मग तो आवाज आला. पुढून, लांबून, खाड-खाड-खाड. आम्ही आडवे झालो. हिसका बसून गेल्यावर मान वर केली तर पुढचा दिवा दिसत नव्हता.

मुलीची किंकाळी वाऱ्यातूनही ऐकू आली. तो डब्याच्या आत पडलाय की बाहेर, हे कळायला मार्ग नव्हता. चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात जाता येत नाही, इंजिन किलोमीटरभर पुढे, कुणाला सांगायची सोय नाही. हाज अधूनमधून काहीतरी पुटपुटत होते. नातवाने सांगितलं, ते म्हणतात क्रॉसिंग येईल, तिथे गाडी थांबेल. एकेरी मार्ग आहे, बंदराकडून रिकामी गाडी परत येते तेव्हा दोघींपैकी एकीला बाजूला थांबावं लागतं. किती वेळाने, ते त्यांनाही सांगता येईना. माझ्या कामाच्या आयुष्यातला तेवढा लांब वेळ दुसरा नाही.

गाडी थांबली. हाजांनी मला दंडाला धरून बजावलं: रिकाम्या गाडीचा शेवटचा डबा गेला की आपली सुटते, शिट्टी होत नाही. तोवर वर असायचं. मी आणि नातू उतरून धावलो. सत्तरीतले हाज काठी टेकत मागून आलेच.

तो आत पडला होता. उजव्या हातावर. मनगटाच्या वर हात जिथे वाकू नये तिथे वाकलेला, चेहरा घामाने आणि धुळीने काळाठिक्कर, दात वाजत होते. डोक्याला मार नव्हता, शुद्धीवर होता, बोटं हलत होती, नखं दाबून सोडली की रंग परत येत होता. प्रथमोपचाराच्या वर्गात मी हे शिकलेलो. कामासाठी फिरणाऱ्या प्रत्येकाने तो वर्ग करावा असं मी कळकळीने सांगतो. हात सरळ करायच्या भानगडीत न पडता आहे तसा आधार द्यायचा होता. माझ्या छोट्या ट्रायपॉडचा एक पाय फिरवला की सुटतो. तो मी पंच्यात गुंडाळून हाताखाली धरला. बांधायला कापड हवं होतं. हाजांनी डोक्यावरचा हौली उतरवला, काठाला दात लावून फाडला आणि चार-पाच हात लांबीच्या त्या सुती कापडाची एक उभी पट्टी मला दिली. उरलेल्याची झोळी करून त्यांनी स्वतः त्या मुलाच्या गळ्यात बांधली. त्यांचं उघडं, पांढरं, बारीक कापलेलं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एवढ्या थंडीत ते तसेच उभे होते.

तेवढ्यात शेजारच्या रुळावरून रिकामी गाडी आली. डबे संपता संपेनात. हाज आणि नातू आपल्या डब्याकडे परत गेले, मी त्या दोघांबरोबर थांबलो. उरलेली रात्र आम्ही त्याला मधे झोपवून दोन्ही बाजूंनी टेकून बसलो. मुलगी फारसं बोलली नाही. आवाज आला की मी "आता" म्हणायचो आणि ती त्याचा हात छातीशी धरायची.

सकाळी नुआदिबू. हाजांनी आधी टॅक्सी थांबवली, त्या दोघांना बसवलं, ड्रायव्हरला दवाखाना समजावून सांगितला, आणि मग बकऱ्या उतरवायला घेतल्या. मी बाजारातून नवा हौली आणून दिला. त्यांनी तो घेतला, कापड बोटांत चोळून पाहिलं आणि मान हलवली. या वेळी पसंतीची.

कंपनीला मी ते पहिलं दृश्य दिलं नाही. का दिलं नाही हे सविस्तर लिहून कळवलं, बाकीचं सगळं पाठवलं. चुंबकाचं, चहाचं, शिडीवरून चढणाऱ्या बकऱ्यांचं. उत्तर आलं की ठरलेलं मुख्य दृश्य नसल्यामुळे पुढचा हप्ता मिळणार नाही. नाही मिळाला. महिनाभर ओढाताण झाली, तरी ते दृश्य दुसऱ्या कुणाकडून विकत घेऊन जोडायची त्यांची सूचना मी मान्य केली नाही. जे चित्र पाहून तो मुलगा उभा राहिला, ते मी आणखी एकदा जगात सोडणार नाही, एवढं माझ्या हातात होतं.

या गाडीबद्दल लिहूच नये असं काही जण म्हणाले. मला ते पटत नाही. ही गाडी त्या लोकांची एसटी आहे, आणि एसटीने कुणीही जावं. म्हणून मी सगळं लिहिलंय: आतारहून मिनीबस कुठून सुटते, झेरॉक्स भरपूर घ्या, पाणी आणि घोंगडी किती लागते. मी गेलो तेव्हा गाडीला कधी कधी प्रवासी डबा असायचा. तो असेल तर तिकीट काढून त्यातच बसा. नसेल आणि मालाच्या डब्यात बसू देत असतील तर ज्या डब्यात तिथली माणसं चढतील त्यात चढा, त्यांनी सपाट केलेल्या जागी बसा, आणि ती आडवी झाली की तुम्हीही आडवे व्हा.