गिळलेला रुपया

आहेराच्या पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं, म्हणजे शंभराचे एकशे एक होतात. हे नाणं फारसं घट्ट चिकटवत नाहीत, हा शोध आमच्या दोन वर्षांच्या बाळ्याने दातांनी लावला. जावेच्या बाळाच्या बारशासाठी पाकिटांचा गठ्ठा आणून ठेवला होता. मी पोळ्या लाटत होते. पाच वर्षांची चिमी आत आली आणि शेजारणीचा निरोप सांगावा तशी म्हणाली, "आई, बाळ्यानं रुपया खाल्ला. मी त्याला सांगत होते, आधी धुवून घे."

आता चिमीच्या साक्षीवर आमच्या घरात कुणी फारसं विसंबत नाही. गेल्या गणपतीत उंदीरमामाने तिचा मोजा नेला, असं तिने देवाशपथ सांगितलं होतं. म्हणून आधी शोधाशोध झाली. सोफ्याखाली रिमोटचं झाकण सापडलं, वाळलेली भेंडी सापडली, तो मोजाही सापडला. रुपया मात्र नाही. पाकिटावर नुसता डिंकाचा गोल डाग.

बाळ्या मजेत होता. खोकला नाही, ठसका नाही, उलट "अजून" म्हणत दुसऱ्या पाकिटाकडे हात. तेवढ्यात बारशाला आलेल्या मामंजींनी (सासूबाईंचे थोरले भाऊ) त्याला पायाला धरून उलटा करायला घेतलं. पाठीवर थाप मारली की नाणं पडतं, हा त्यांचा अनुभव म्हणे. पोर ठणठणीत आवाजात रडत होतं, म्हणजे श्वास मोकळा होता. माझ्या नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा मामाच्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलं.

फोनवर डॉक्टरांनी एवढंच विचारलं: श्वासाला आवाज येतोय का, लाळ गळतेय का, थुंकी गिळतोय का. मग म्हणाले, "तोंडात बोट घालू नका, उलटी काढू नका, आणि एक्स-रे होईपर्यंत काही खायला-प्यायला देऊ नका." नाणं अन्ननलिकेत अडकलं असेल तर भूल देऊन काढावं लागतं आणि त्यासाठी पोट रिकामं हवं. कारण पटलं. पण बारशाच्या घरातून, जिलेबीच्या वासातून, दोन वर्षांच्या पोराला उपाशी बाहेर काढणं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. सांगली ते मिरज तो एकच शब्द ओरडत होता. जिबेली.

एक्स-रेच्या टेबलावर त्याला दोघांनी धरला. बाप शिशाचा एप्रन घालून उभा, तर बाळ्याला तो एप्रनच हवा. मानेपासून पोटापर्यंत एकच फोटो काढला. त्यात डाव्या बरगड्यांच्या खाली पांढराशुभ्र गोल. चिमीची साक्ष खरी निघाली.

मला वाटलं, डॉक्टर आता हसतील. पण त्यांनी आधी फोटो मोठा केला आणि त्या गोलाची कड न्याहाळत राहिले. "घरात बटणासारखे सेल कशाकशात आहेत?" नाणं आणि तो सेल एक्स-रेत सारखेच दिसतात, फक्त सेलच्या कडेला आत आणखी एक रिंग दिसते. इथे ती नव्हती. 2032 लिहिलेला सेल 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड असतो, म्हणजे रुंदीला जवळपास रुपयाएवढाच. तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या जागी त्यातून वीज वाहते, कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजायला लागतं. तिथे 'वाट बघू' नसतं, तडक दुर्बीण. "आमच्याकडे नाहीत तसले सेल," नवरा ठामपणे म्हणाला. घरी येऊन मोजले: वजनकाट्यात, गाडीच्या चावीत, चिमीच्या वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात, दिवाळीच्या विजेच्या पणत्यांत. वजनकाट्याचं झाकण तर नुसतं नखाने उघडतं. स्क्रूचं झाकण नसलेलं सगळं त्याच रात्री माळ्यावर गेलं. रुपयापेक्षा मला त्या पणत्यांनी जास्त घाबरवलं.

आमचा निकाल मात्र सौम्य होता. नाणं जठरात पोचलंय, पुढचा रस्ता ते आपोआप कापेल, काही दिवस लागतील, क्वचित काही आठवडे. जेवण नेहमीचं. उलट्या, पोटदुखी, ताप, शौचात रक्त, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब यायचं. "दहाचं नाणं असतं तर मी एवढा निवांत नसतो," डॉक्टर म्हणाले. ते 27 मिलिमीटरचं असतं, एवढ्या लहान पोरांच्या जठराच्या तोंडाशी अडून बसू शकतं.

मग वाट बघणं सुरू झालं आणि खरा ताप तोच. सासूबाईंनी एरंडेलाची बाटली काढली. डॉक्टरांनी जुलाबाचं काहीही द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी ती बाटली रोज ओट्यावर थोडी पुढे सरकलेली दिसे. शेवटी केळ्यावर तह झाला. समोरच्या काकू सांगून गेल्या की त्यांच्या दिरांनी लहानपणी चार आणे गिळले होते. पुढे काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, ते आता बँकेत आहेत."

घरात शोधमोहिमेचा शिरस्ता ठरला. डायपर दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि हातमोजे घालून बाहेरून चाचपायचा. नाणं कडक, हाताला लागतंच. हे काम नवऱ्याकडे, कारण मी लाटणं धरते म्हणे. बाळ्या नुकताच पॉटीवर बसायला शिकला होता. पण तो बसला की आजी, बाप, बहीण तिघं वाकून बघायला लागले. दोन वर्षांच्या माणसालाही अब्रू असते. त्याने पॉटीला कायमचा रामराम ठोकला आणि पडद्यामागे उभं राहून कार्यभाग उरकायला लागला. पाळणाघरातल्या ताई बिचाऱ्या पिशवी गाठ मारून, वर वेळ लिहून घरी पाठवायच्या. एकदा ती आणि भाजीची पिशवी स्कूटरच्या एकाच हुकाला लटकून आली. कोथिंबीर मी निवडली नाही, धुतली नाही, तशीच टाकून दिली.

मधल्या रविवारी तासगावला माहेरी गेलो. द्राक्षं उतरायला आली होती. भावाच्या बागेत बाळ्याला मोकळा सोडला, डायपरसुद्धा काढला, कारण उन्हाने अंग लाल झालं होतं. दुपारी तो वेलींच्या ओळीत बराच वेळ गडप होता आणि परत आला तो फार समाधानी चेहऱ्याने. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. कोणत्या ओळीत, ते कुणालाच सांगता येईना. चिमी म्हणाली, "मला माहितीय," आणि आम्हाला वेगवेगळ्या पाच ठिकाणी घेऊन गेली.

पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा पोट स्वच्छ. नाणं सापडलं नाही, डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. पुष्कळदा असंच होतं म्हणाले. सासूबाईंना मात्र पुरावा हवा होता. त्या अजूनही मधूनच त्याच्या पोटावर बोटाने टकटक करून कान लावतात.

भावाचा फोन येतो तेव्हा मी आधी पाऊस, औषध-फवारणी विचारते. तो म्हणतो, "तायडे, छाटणी करालोय. रुपयाला कोंब फुटला की कळवतो."