पैसे देऊन आणलेली गोगलगाय

दुपारी लाइट गेली, फिल्टरची घरघर थांबली, आणि टाकीतली सोनेरी गोगलगाय काच चढून वर आली. पाण्याच्या पातळीपाशी थांबली, डाव्या अंगानं एक नळी बाहेर काढली, तिचं टोक हवेत धरलं आणि सगळं अंग मागंपुढं करत हवा ओढू लागली. हिला कल्ले आहेत आणि फुप्फुसही आहे. दक्षिण अमेरिकेतल्या संथ, कोंदट पाण्यातून आलेली जात, तेव्हा दोन्ही सोयी लागतातच. हवा भरून झाली की काचेवरची पकड सोडते आणि धप्पकन खाली पडते. इतकं सावकाश चढायचं आणि उतरताना सरळ उडीच मारायची, हे मला फार आवडतं.

टाकीत समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या पाठीतल्या पांढऱ्या हाडाचा, एक तुकडा टाकून ठेवलाय. पाणी मऊ असलं की हिच्या शंखाला पांढरे खड्डे पडतात, कॅल्शियम लागतं. लहानपणी हर्णैला किनाऱ्यावर समुद्रफेस फुकट मिळायचा. आजी तो उगाळून फुटलेल्या कानात घालायची, आणि आम्ही पोरं त्यावर नखानं होड्या कोरायचो. नखाखाली ती पांढरी, खारट भुकटी जाऊन बसायची. आता तोच समुद्रफेस दुकानात पोपटांच्या खाण्याशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकलेला असतो. घासाघीस केली तर दुकानदार तोंड फिरवतो.

मेहुणा लातूरकडचा, सोयाबीनवाला. पहिल्यांदा टाकी बघितली तेव्हा बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"दाजी, ही पैसे देऊन आणलाव व्हय?"

"हो."

"आमच्याकडं यायचं की. बादलीनं दिलो असतो."

२०२२च्या पावसाळ्यात त्याच्या भागात शंखी गोगलगायींनी उगवलेलं सोयाबीन रातोरात फस्त केलं होतं. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधावर टाकायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हा त्याचा तेव्हाचा दिनक्रम. त्याला दुबार पेरणी करावी लागली. आणि इथे मी काकडीची चकती वाफवून, गार करून, चमच्याला अडकवून टाकीत सोडत होतो.

ही शंखी मूळची आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या एका शौकिनानं ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या एका बागेत ती सुटली. पुढचं मेहुण्याच्या शेतात दिसतंच. मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे ह्यो बी तुमच्यासारखाच दाजी होता कुणाचा तरी."

तसा मीही काही सगळ्यांना जीव लावत नाही. पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून ज्या बारक्या तपकिरी गोगलगायी फुकटात येतात, त्या मला नको असतात. एक आली की तिला जोडीदारही लागत नाही, थोड्याच दिवसांत काच भरून जाते. रात्री काकडी टाकायची, सकाळी त्यावर जमलेल्या सगळ्या काकडीसकट बाहेर. सोनेरी बाईसाहेब काकडीवर असल्या तर त्यांना आधी हळूच बाजूला ठेवतो. माशांना कसलं औषध द्यायचं झालं तरी आधी बाटलीवर तांबं लिहिलंय का ते बघतो, कारण गोगलगायींना तांबं म्हणजे विष.

गेल्या आठवड्यात टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या वर, फिकट गुलाबी अंड्यांचा एक पुंजका दिसला, मक्याच्या कणसाचा तुकडा चिकटवल्यासारखा. बाईसाहेब एकट्याच आहेत, पण मादी नराचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते, म्हणजे दुकानातूनच उरकून आल्या असणार. दोन-तीन आठवड्यांत पिल्लं फुटतील. दुकानदार घेत नाही. तळ्यात सोडायचा तर प्रश्नच नाही. हिची एक चुलत बहीण खाण्यासाठी म्हणून पूर्वेकडच्या देशांत नेली, तिथे ती भातशेतीत शिरली आणि अजून निघालेली नाही. पुंजका खरवडून फ्रीजरमध्ये ठेवावा, हा रूढ उपाय. पण आमच्या फ्रीजरमध्ये मटार आहेत आणि बायकोनं एका शब्दात नाही म्हटलंय.

अंडी अजून झाकणालाच आहेत. मेहुण्याला काही कळवलेलं नाही.