शिकागो ते डॅलस कारने, कॅमेलिऑनला घेऊन: माझा अनुभव

नवऱ्याला डॅलसजवळ प्लेनोला जॉब लागला तेव्हा मला पहिली काळजी लागली ती बंड्याची. बंड्या म्हणजे आमचा व्हेल्ड कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, जात मूळची येमेन आणि सौदीकडची, डोक्यावर उंच तुरा असलेला नर. विमानात केबिनमध्ये बहुतेक एअरलाइन्स कुत्रा-मांजरच घेतात. ओव्हरनाइट कुरिअरने पाठवतात लोक, पण ऐन जूनमध्ये टेक्ससच्या उन्हात तो बॉक्स कुठल्या ट्रकमध्ये किती वेळ पडून राहील या विचारानेच पोटात गोळा आला, मग ठरवलं की कारनेच न्यायचा, वाटेत मिसुरीत एक मुक्काम करून.

व्हेटने सांगितलं की निघायच्या दोन दिवस आधी खाणं बंद. कारण बास्किंगची, म्हणजे दिव्याखाली शेकण्याची ऊब नसेल तर त्याला पचत नाही, किडे पोटातच सडतात. पाणी मात्र भरपूर, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात मिस्टिंग, म्हणजे पिंजऱ्यात पाण्याचा बारीक फवारा, रोज जास्त वेळ चालू ठेवलं आणि त्याच्या शीमधला पांढरा भाग पांढराच आहे ना ते बघत राहिले, तो नारिंगी झाला की समजायचं अंगात पाणी कमी आहे.

बॉक्स साधा पुठ्ठ्याचा, तो मावेल आणि वळू शकेल एवढाच, मोठा घेतला तर आत आपटतो. बाजूंना भोकं, तळाला पेपर टॉवेल आणि तळापासून चारेक इंचावर एक आडवी लाकडी दांडी दोन्ही टोकांना घट्ट बसवलेली. ही दांडी सगळ्यात महत्त्वाची, कारण कॅमेलिऑनचे पाय पकडण्यासाठीच बनलेत आणि पकडायला काही नसलं की तो घाबरतो. पाण्याची वाटी, कुंडी, सुटी फांदी काही म्हणजे काही ठेवलं नाही. आत घेताना वरून हात घातला नाही, वरून येतो तो शिकारी असं त्याला वाटतं. खालून काठी पुढे केली, तो सावकाश तिच्यावर चढला. ओढून काढायला जाल तर नखं आणि बोटं दुखावतात.

बॉक्स मागच्या सीटवर बेल्ट लावून ठेवला, वर पातळ उशीचा अभ्रा, शेजारी थर्मामीटर. गाडीत ७२ ते ७८ फॅरनहाइट ठेवलं, एसीचा झोत आणि खिडकीतलं ऊन दोन्ही त्याच्यापासून लांब. गाडी बंद करून दोघांनी एकदम उतरायचं नाही हा नियम केला होता, बाथरूमलासुद्धा आळीपाळीने, कारण उन्हात उभी गाडी दहा मिनिटांत वीसेक डिग्री तापते. मुलीला सारखं उघडून बघायचं होतं, तिला समजावलं की अंधारात तो झोपल्यासारखा शांत राहतो आणि आपण डोकावलो की त्याचा रंग काळपट पडतो, म्हणजे त्याला त्रास होतोय. मोटेलात सकाळी बाथरूममध्ये दिवा लावून कोमट पाण्याचा बारीक फवारा मारला, थेंब चाटून प्यायला. मग परत बंद.

प्लेनोला पोचल्यावर गाद्या उतरवायच्या आधी पिंजरा उभा केला, फांद्या होत्या तशाच जागी, दिवे, मिस्टिंग सगळं, आणि बॉक्स उघडून आत ठेवून दिला. तो स्वतःहून बाहेर आला. पहिल्या दिवशी काही खाल्लं नाही, आम्हीही हात लावला नाही.

पुण्याच्या एका मैत्रिणीने विचारलं की भारतात परत येताना असा कॅमेलिऑन सोबत आणता येतो का. सोपं नाही. बहुतेक सगळे कॅमेलिऑन साइटीसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत, देशाबाहेर न्यायला परमिट लागतं. आणि आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतातला कॅमेलिऑन, तर पकडू किंवा पाळूच नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

थंडीत शिफ्ट होत असाल तर हीट पॅक बॉक्सच्या बाहेरच्या बाजूला, कापडात गुंडाळून लावा. तो तापताना हवेतला ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे भोकं अजिबात बुजवू नका.