लिंबाची पालवी आणि बेबेलचा ९६ आकडा: तीन स्लॅबवरचं नेटवर्क, पुढची नोंद

माझं घर, मामांचा कारखाना आणि दोस्ताचं घर रेडिओनं जोडणारा त्रिकोण फेब्रुवारीत पूर्ण झाला होता, तिन्ही लिंक चालू झाल्या होत्या आणि मी सगळ्यांना सांगत होतो की आता फक्त राउटिंग, म्हणजे कुठला डेटा कुठल्या रस्त्यानं जायचा ते, घट्ट करायचं राहिलंय. ते आता झालं. पण मधे जे कळलं ते नीट लिहून ठेवतो, कारण ज्यांचा रेडिओ वेगळ्या डब्यात आहे आणि राउटरला फक्त केबल येते, त्यांना हे कधी ना कधी भेटणारच.

नवीन लोकांसाठी मांडणी थोडक्यात सांगतो. माझं घर अशोक चौकाच्या मागच्या अंगाला, मामांचा यंत्रमाग कारखाना अक्कलकोट रोडला, आणि दोस्ताचं घर दोन्हीपासून थोडं बाजूला पण उंच, तीन मजली. घर ते कारखाना सरळ १.१ किलोमीटर. कारखान्यातल्या चार कॅमेऱ्यांचं फुटेज घरी रेकॉर्डरवर यायचं आणि टॉवेलच्या डिझाईनच्या फायली घरून तिकडं जायच्या, एवढंच काम. तिन्हीकडे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत लिनक्स प्रणाली) टाकलेला राउटर, आणि प्रत्येक लिंकसाठी स्लॅबवर वेगळा ५ गिगाहर्ट्झचा बाहेरचा रेडिओ, कंपनीच्याच फर्मवेअरवर, नुसता ब्रिज म्हणून, म्हणजे केबलसारखा, आलेलं सगळं पलीकडं टाकणारा. चॅनेल १४९, १५७ आणि १६५, तिन्ही २० मेगाहर्ट्झ रुंदीचे. खालचे डीएफएसवाले (रडारला वाट द्यायचा नियम असलेले) चॅनेल मुद्दाम घेतले नाहीत, कारण तिथं रडारचा सिग्नल दिसला की रेडिओला चॅनेल सोडावा लागतो आणि हवामानाची सी बँड रडारं ५६०० मेगाहर्ट्झच्या आसपासच चालतात.

सगळंच ब्रिज का नाही केलं असं दोघातिघांनी विचारलं होतं. त्रिकोण ब्रिज केला की लूप होतो, ब्रॉडकास्ट गोल गोल फिरत बसतो, आणि एसटीपी (लूप तोडणारा प्रोटोकॉल) लावला तर तो एक बाजू बंदच ठेवतो, मग तिसरी लिंक उभारून उपयोग काय. म्हणून राउटिंग, आणि राउटिंगसाठी बेबेल, म्हणजे राउटरांनी आपसात बोलून रस्ता ठरवायचा प्रोटोकॉल. हलकं आहे, छोट्या राउटरवर बेबेलडी हा त्याचा प्रोग्रॅम आरामात चालतो, आरएफसी ८९६६ ही त्याची अधिकृत व्याख्या वाचायला सोपी आहे, आणि रेडिओच्या लिंकचा विचार त्यात पहिल्यापासून आहे. फायरवॉलमध्ये यूडीपी ६६९६ हा बेबेलचा पोर्ट उघडायला विसरू नका, तो बंद असला की शेजारी, म्हणजे पलीकडचा राउटर, दिसतच नाही आणि माणूस उगाच अँटेना फिरवत बसतो.

तर फेब्रुवारीत घर ते कारखाना लिंकला सिग्नल वजा ६१ डीबीएम होता (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), एकदम छान. लांबीचं सेटिंग मी १२०० मीटर ठेवलंय. प्रकाशाला १ किलोमीटर जायला ३.३ मायक्रोसेकंद लागतात, जाऊन येऊन इथं साडेसात धरा, आणि तेवढा वेळ रेडिओ पोचपावतीसाठी थांबला नाही तर पोचलेलंच पॅकेट तो परत परत पाठवतो.

मग पाडवा झाला आणि फुटेज अडकायला लागलं. रात्री बरं चालायचं, दिवसा कारखाना सुरू झाला, कॅमेऱ्यांत हालचाल वाढली की चित्र थांबत थांबत यायचं. मला वाटलं उन्हानं डबा तापतोय, एप्रिलात आपल्याकडं पारा ४० च्या वर असतोच, म्हणून तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकवला, काही फरक नाही. सिग्नल बघितला तर वजा ७४. मग स्लॅबवर उभा राहून दुर्बिणीतून कारखान्याकडं बघितलं आणि कारण समोरच होतं. मधल्या बोळातला कडूलिंब. फेब्रुवारीत त्याची पानं झडत होती, आरपार दिसायचं, आता पालवी फुटून झाड गच्च भरलंय. ओल्या कोवळ्या पानांत पाणी असतं आणि ५ गिगाहर्ट्झला ते चांगलंच खातं. लाईन तशी शेंड्याच्या वरून जाते, पण १.१ किलोमीटरच्या लिंकला मधोमध फ्रेनेल झोनची (सरळ रेषेभोवती लाटांना लागणाऱ्या मोकळ्या जागेची) त्रिज्या पावणेचार मीटरच्या आसपास येते, आणि निदान ६० टक्के, म्हणजे सव्वादोन मीटर तरी मोकळं पायजे. शेंडा त्याच्या आत घुसलाय.

इथपर्यंत ठीक आहे, झाड आहे, वाढणारच. माझा प्रश्न वेगळा होता. दोस्ताच्या घरावरून जाणारा रस्ता मोकळा आहे, दोन्ही लिंक खणखणीत, मग बेबेल तिकडून का पाठवत नाही?

बेबेलडीला यूएसआर१ सिग्नल (लिनक्सची प्रोग्रॅमला द्यायची खूण, रेडिओचा सिग्नल नव्हे) दिला की तो सगळी अवस्था लॉगमध्ये ओकतो. त्यात शेजाऱ्याच्या ओळीत रीच म्हणून एक आकडा असतो, गेल्या १६ हॅलोंपैकी (राउटर ठराविक वेळानं पाठवतो ती हजेरीची पॅकेटं) कुठले ऐकू आले त्याची खूण. सगळे आले तर चार एफ (ffff). माझ्याकडं मधेमधे एखादा हॅलो गळलेला दिसत होता, आणि त्याच ओळीत पुढं कॉस्ट, म्हणजे लिंकची किंमत, ९६; ज्या रस्त्याची बेरीज कमी तो रस्ता बेबेल घेतो. दहा मिनिटांनी परत बघितलं, परत ९६. त्या ९६ वरच मी अर्धा तास अडलो होतो.

९६ ही बेबेलडीची तारेच्या लिंकची किंमत आहे. रेडिओची २५६ असते. म्हणजे तो माझ्या रेडिओ लिंकला तार समजत होता, आणि त्याचं बरोबरच आहे, त्याला दिसतंय ते एथरनेटचं पोर्ट, पलीकडं स्लॅबवर काय आहे त्याला कसं कळणार. आणि तारेसाठी नियम साधा आहे, शेवटच्या ३ पैकी २ हॅलो आले की लिंक चालू, किंमत पूर्ण ९६, नाहीतर लिंक मेली. मधलं काही नाही. रेडिओची लिंक अशी नसते, ती अर्धी जिवंत असते, पाऊण जिवंत असते. सरळ रस्ता ९६, दोस्ताकडून ९६ अधिक ९६ म्हणजे १९२, मग तो सरळच जाणार, चित्र अडको नाहीतर काही होवो.

तर पहिलं काम, रेडिओ जोडलेल्या प्रत्येक पोर्टला कॉन्फिगमध्ये टाईप वायरलेस स्वतः लिहा. ऑटोवर सोडू नका. (बेबेलऐवजी बॅटमॅन हा दुसरा मेश प्रोटोकॉल वापरा म्हणणाऱ्यांसाठी: त्याची पाचवी आवृत्ती ड्रायव्हरला वेग विचारते हे खरं, पण तिलाही केबलच्या टोकाला १०० एमबीपीएसच दिसणार. अडचण तीच.)

टाईप बदलल्यावर सरळ रस्ता २५६ च्या थोडा वर, दोस्ताकडून ५१२. आता गळतीप्रमाणे किंमत हलायला लागली, पण २७०-२८० च्या पुढं जाईना. कारण हॅलो हे मल्टिकास्ट असतं, म्हणजे सगळ्यांसाठी एकदाच पाठवलेलं, पोचपावती नसलेलं. एका बाजूनं ते सगळ्यात कमी वेगानं जातं, कमी वेगाचं पॅकेट पानांतूनही निघून जातं, आणि उलट बाजूनं माझा ब्रिज ते युनिकास्ट (एकालाच, पोचपावतीसह) करून पाठवतो, म्हणजे रेडिओ हरवलेलं परत पाठवतो. बेबेलला गळती दिसत नाही, दिसतो तो फक्त उशीर.

मग उशीरच मोजू म्हटलं. बेबेलडीचे टाईमस्टॅम्प चालू केले, त्यावरून तो आरटीटी (पॅकेट जाऊन यायचा वेळ) मोजतो आणि उशिराप्रमाणे किमतीत दंड वाढवतो. आरटीटी-मिन १० मिलीसेकंद, मॅक्स ६०, दंड जास्तीत जास्त ४००. भरलेल्या लिंकचा आरटीटी ४५ च्या आसपास होता, म्हणजे दंड २८०, सरळ रस्ता ५४० च्या वर, आणि रूट दोस्ताकडं वळला. मला लई आनंद झाला. दोन मिनिटांनी परत सरळ. अर्थात, ट्रॅफिक निघून गेलं की रिकाम्या लिंकचा आरटीटी ६ वर येतो, दंड शून्य, रूट परत येतो, लिंक परत भरते. संध्याकाळभर हे मागावरच्या धोट्यासारखं इकडून तिकडं चाललं होतं. दंड कमी केला तर वळत नाही, जास्त केला तर थांबत नाही. इंटरनेटवरून जाणाऱ्या लांबच्या टनेलसाठी ही सोय उत्तम आहे, तिथं उशीर अंतराचा असतो. माझ्याकडं उशीर गर्दीचा होता.

शेवटी साधा उपाय केला. सरळ लिंकच्या पोर्टला आरएक्सकॉस्ट (त्या टोकानं धरायची मूळ किंमत) हातानं ३८४ दिला, दोन्ही टोकांना. वायरलेस टाईपमध्ये बेबेलडी दोन्ही बाजूंच्या किमतींचा गुणाकार करून २५६ नं भागतो, म्हणजे ३८४ गुणिले ३८४ भागिले २५६, उत्तर ५७६. दोस्ताकडून ५१२. बस. एकाच टोकाला दिलात तरी गुणाकारामुळं दोन्हीकडून ३८४ च दिसतो आणि रूट हलत नाही, मी तसाच पाऊण तास घालवला.

काल दुपारी, कारखाना पूर्ण चालू असताना, दोस्ताच्या घरचं मेन स्विच पाडून बघितलं. १५ सेकंदांच्या आत फुटेज सरळ लिंकवर आलं, अडखळत पण आलं, आणि लाईट परत दिल्यावर आपोआप मागं गेलं. काकू मात्र पंखा बंद पडला म्हणून वर बघायला आल्या, त्यांना आधी सांगायला पायजे होतं.

मामांना फांदीचं विचारलं होतं. ते म्हणाले, "लिंबाला हात लावायचा न्हाई. माणसं दुपारची भाकरी तिथं बसून खातात." माझंही तेच मत आहे. त्यामुळं कारखान्याच्या बाजूला सहा फुटी जीआय पाईप आणून ठेवलाय, वेल्डिंगवाला शनिवारी येतोय. रेडिओ वर गेल्यावर सिग्नल वजा ६५ च्या आत आला तर ३८४ काढून परत २५६ करणार, आणि रीचच्या ओळी आठवडाभर दर तासाला लॉग करून इथंच टाकतो.