तुम्ही विचारलंत म्हणून: पॉइंटवालं टाइमशेअर घ्यावं का?

आमच्याकडे पॉइंटवालं टाइमशेअर, म्हणजे पैसे भरून दरवर्षी रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क देणारी सुट्ट्यांची मेंबरशिप आहे हे कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, परवडतं का हो, आम्ही पण घेऊ का? आणि मी उलट त्यांनाच विचारते की तुमची रजा किती आधी ठरते. लोकांना वाटतं ही विषय टाळतेय. पण खरंच सांगते, पैशांचा हिशोब नंतर येतो, आधी हा प्रश्न. वर्षभर आधी तारीख सांगू शकणारं घर असेल तर पुढे बोलू, पण "बघू, जमलं तर निघू" अशा स्वभावाचं घर असेल तर पॉइंट कितीही स्वस्तात मिळाले तरी ते महागातच जाणार, कारण विकत घेणं एका दिवसाचं काम आहे आणि बुकिंग दरवर्षी करायचंय.

पूर्वी टाइमशेअर म्हणजे ठरलेलं रिसॉर्ट, ठरलेली खोली आणि वर्षातला ठरलेला आठवडा. त्याचा कंटाळा यायचाच, म्हणून १९७४ मध्ये आरसीआय नावाची अदलाबदल करून देणारी कंपनी निघाली, तुमचा आठवडा त्यांच्याकडे द्या आणि दुसऱ्याचा घ्या. पुढे पॉइंट आले, म्हणजे ठरलेल्या आठवड्याऐवजी दरवर्षी ठराविक पॉइंट मिळतात आणि ते खर्चून खोली बुक करायची. डिस्नीचा व्हेकेशन क्लब १९९१ मध्ये सुरू झाला तो पहिल्यापासून पॉइंटवरच, आणि त्याचे नियम बरेच उघड आणि समजायला सोपे आहेत म्हणून मी कुणालाही समजवताना उदाहरण त्याचंच देते. तुमचा क्लब वेगळा असेल तर आकडे वेगळे असतील, सांगाडा साधारण हाच.

दरवर्षी एका ठराविक महिन्यात तुमच्या खात्यात ठराविक पॉइंट पडतात. प्रत्येक रिसॉर्टचा एक चार्ट असतो, कुठल्या खोलीला कुठल्या रात्री किती पॉइंट. शाळांच्या सुट्ट्यांत जास्त, शुक्रवार-शनिवारी जास्त, चांगला व्ह्यू असेल तर आणखी जास्त. म्हणजे सेल्समन जेव्हा म्हणतो की एवढ्या पॉइंटात आठवडाभर राहाल तेव्हा तो बहुतेक सगळ्यात स्वस्त सीझनमधल्या सगळ्यात लहान खोलीबद्दल बोलत असतो, आणि तुमची मुलं शाळेत असतील तर त्या आठवड्यात तुम्ही कुठेच जाणार नाही आहात. म्हणून चार्ट मागा, तुमच्या खऱ्या तारखांवर बोट ठेवा, बेरीज स्वतः करा. आणि हा चार्ट कायमचा नसतो बरं. डिस्नीत एका खोलीचे वर्षभराचे एकूण पॉइंट वाढवता येत नाहीत, पण एका सीझनमधून काढून दुसऱ्यात टाकता येतात, त्यामुळे तुमचा लाडका आठवडा पुढे महाग होऊ शकतो.

आता ते पॉइंट पडण्याचा महिना, त्याला यूज इयर म्हणतात. घेताना याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षात ढकलता येतात, त्याला बँक करणं म्हणतात, पण डिस्नीत ते यूज इयरच्या पहिल्या ८ महिन्यांतच करावं लागतं. समजा तुम्ही दरवर्षी मेच्या शेवटी जाता. तुमचं वर्ष मार्चमध्ये सुरू होत असेल आणि एप्रिलच्या सुरुवातीला काही कारणाने जाणं रद्द झालं, तर काही बिघडत नाही, ऑक्टोबरपर्यंत निवांत बँक करा. पण वर्ष जूनमध्ये सुरू होत असेल तर बँक करायची मुदत जानेवारीतच संपलेली, आणि मे संपला की पॉइंट गेले. तेच पॉइंट, तीच किंमत, आणि एकाचे वाचतात दुसऱ्याचे बुडतात! त्यामुळे आपण नेहमी जातो त्याच्या थोडंसंच आधी सुरू होणारं यूज इयर बघायचं.

पुढच्या वर्षाचे पॉइंट उधारही घेता येतात. मात्र एकदा बँक केलेले पॉइंट परत बँक होत नाहीत आणि उधार घेतलेले परत जात नाहीत, म्हणून मोठी सहल करायला दोन्हीकडचे पॉइंट एकत्र केले आणि ती रद्द झाली की सगळंच अडकतं. त्यात ३० दिवसांच्या आत रद्द केलं तर ते पॉइंट होल्डिंगमध्ये जातात, मग त्यावर फक्त पुढच्या ६० दिवसांतलंच बुकिंग मिळतं, आणि इतक्या जवळच्या तारखांना काय शिल्लक असतं ते तुम्हीच ओळखा.

बुकिंगचं म्हणाल तर, जिथले पॉइंट घेतले ते तुमचं होम रिसॉर्ट. तिथे ११ महिने आधी बुकिंग उघडतं, बाकीच्या ठिकाणी ७ महिने आधी. आमची पद्धत अशी की ११व्या महिन्याला सकाळी लॉगिन करून होम रिसॉर्टची खोली धरून ठेवायची, मग ७व्या महिन्याला बाकी ठिकाणी काही बरं दिसतंय का बघायचं, दिसलं तर बदलायचं, नाही तर वेटलिस्ट लावायची, पण नवीन हातात येईपर्यंत जुनं सोडायचं नाही. स्टुडिओ, म्हणजे एकाच खोलीतली लहान जागा, सगळ्यात आधी उडतात कारण कमी पॉइंटात बसतात. काही लोक तर आपल्या तारखेच्या बरंच आधीचं बुकिंग करून ठेवतात आणि ११ महिन्यांची बुकिंगची मुदत रोज पुढे सरकेल तसं ते रोज एकेक दिवस पुढे ढकलत नेतात, म्हणजे हवी ती तारीख उघडते तेव्हा खोली यांच्याच ताब्यात. मला हे आवडत नाही, पण गर्दीच्या आठवड्यात तुम्ही कुणाशी स्पर्धा करताय ते माहीत असावं. आणि म्हणूनच "घ्या कुठलंही, राहता सगळीकडे येतं" हे वाक्य अर्धंच खरं आहे, जिथे राहायला खरंच आवडेल तिथलेच पॉइंट घ्यावेत, बाकी ठिकाणं मिळाली तर मिळाली.

पैसे. सुरुवातीची रक्कम सगळ्यांना दिसते, वार्षिक मेंटेनन्स, म्हणजे रिसॉर्टच्या देखभालीची फी, दिसत नाही. तो पॉइंटमागे असतो, तुम्ही जा नाही तर घरी बसा भरावाच लागतो, आणि साधारण दरवर्षी वाढतो. हिशोब सोपा आहे, एका पॉइंटची किंमत भागिले कराराची उरलेली वर्षं, त्यात या वर्षीचा मेंटेनन्स मिळवा, आणि आलेल्या आकड्याला तुमच्या आठवड्याच्या पॉइंटांनी गुणा. मग तसलीच खोली साधी हॉटेलसारखी बुक केली तर कितीला पडते ते बघा. उरलेली वर्षं मात्र नीट तपासा, डिस्नीच्या सुरुवातीच्या बऱ्याच रिसॉर्टचे करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतात, काही कंपन्यांचे करार तर संपतच नाहीत आणि ते जास्त त्रासाचे, कारण म्हातारपणीही मेंटेनन्स चालूच. कर्ज काढून घ्यायचं असेल तर माझं उत्तर सरळ नाही असंच आहे. व्याजात सगळी बचत जाते.

कंपनीच्या विक्रीच्या प्रेझेंटेशनला गेलात आणि गिफ्टच्या नादात सही झाली तरी लगेच हातपाय गाळू नका. युरोपियन युनियनच्या २००८ च्या नियमानुसार १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि तोपर्यंत विक्रेत्याला आगाऊ पैसेही घेता येत नाहीत. अमेरिकेत हे राज्याराज्यावर आहे, फ्लोरिडात १० दिवस, नेवाडात ५. माघार लेखीच द्यायची, करारात सांगितलेल्या पद्धतीने, आणि पाठवल्याचा पुरावा ठेवायचा. "आजच्या आजच ऑफर" असं कुणी म्हटलं की मी तर उठूनच येते.

रीसेलमध्ये, म्हणजे कंपनीऐवजी आधीच्या मालकाकडून घेतले तर, हेच पॉइंट बहुतेक वेळा बरेच स्वस्त मिळतात. पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे बंधनं, जसं डिस्नीत १९ जानेवारी २०१९ नंतर जुन्या रिसॉर्टचे पॉइंट रीसेलमध्ये घेतले असतील तर ते रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टला चालत नाहीत. दुसरं, आधीच्या मालकाने पुढच्या वर्षाचे पॉइंट उधार घेऊन संपवलेत का, कारण मग करार स्वस्त दिसतो पण तुम्ही पहिलं वर्ष-दीड वर्ष रिकाम्या खात्याचा मेंटेनन्स भरत बसता. शिवाय कंपनीला त्याच भावाने स्वतः विकत घेण्याचा पहिला हक्क असतो, तेव्हा सौदा ठरला म्हणजे झालाच असं नाही. आणि कधी विकायची वेळ आली आणि कुणी फोन करून म्हणालं की गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी एवढी फी भरा, तर फोन ठेवून द्या, ही फसवणूक फार जुनी आहे.

एवढं सगळं ऐकून बहुतेक जण विचारतात की मग मधला मार्ग काही आहे का. आहे की. ज्यांचे पॉइंट वाया जाणार असतात ते मेंबर भाड्याने देतात, जिथे क्लबच्या नियमात बसतं तिथे, आणि दोन-चार वर्षांतून एकदा जाणाऱ्याला मी तेच सुचवते. फक्त बुकिंग मेंबरच्या खात्यातून होतं, खोलीवर नाव तुमचं असलं तरी तारीख बदलायला त्यालाच सांगावं लागतं, आणि रद्द केलंत तर पैसे परत मिळतील असं सहसा धरायचं नाही, म्हणून आधी रजा मंजूर करून घ्या आणि मगच पैसे पाठवा.