फ्रंट रोटर उघडला: सील अख्खी, कम्प्रेशन गायब

मंडळी, सापडलं एकदाचं. मागच्या अपडेटला एफसीच्या (माझदा आरएक्स-७, सीरिज ५ टर्बो, १३बी रोटरी म्हणजे वॅन्केल इंजिन, पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर; रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, स्टीलच्या आफ्टरमार्केट टाकलेली तीच) हॉट स्टार्टवर तुम्ही सगळ्यांनी डोकं लावलं होतं, कुणी स्टार्टर म्हणालं, कुणी बॅटरी केबल, कुणी सरळ इंजिन काढ म्हणालं. इंजिन काढलंय. आणि जे निघालं ते मी तरी आधी कुठे वाचलेलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लक्षण आठवत नसेल त्यांच्यासाठी: थंड गाडी एका झटक्यात सुरू, सँडाउनच्या ट्रॅकवर दोन-चार लॅप मारून पिटमध्ये बंद केली की मग नुसतं घरघर, मेलबर्नच्या उन्हाळ्यात तर अर्धा तास थांबायचं. चालताना ताकद मात्र पूर्ण, बूस्ट १४ पीएसआय, कुठे मिस नाही काही नाही. कम्प्रेशन घेतलं, रोटरी टेस्टरवर, २५० आरपीएमला करेक्ट करून. थंड असताना दोन्ही रोटरचे सगळे फेस (रोटरच्या तीन बाजू, प्रत्येकीचा वेगळा चेंबर) सातच्या वर. गरम असताना मागचा रोटर ७.३, ७.१, ७.३ केजी (दर चौरस सेंटीमीटरला), आणि पुढचा ७.२, ५.६, ५.७. माझदाच्या मॅन्युअलची खालची मर्यादा ६ केजी आणि एकाच रोटरच्या फेसेसमधला फरक १.५ पर्यंत चालतो, म्हणजे पुढचा रोटर दोन्हीकडून नापास.

आता आपला नेहमीचा हिशोब. एकच फेस खाली असेल तर साइड सीलकडे (रोटरच्या सपाट अंगावरचं) बघायचं, कारण साइड सील त्या एकाच फेसचं असतं. दोन फेस खाली आणि तिसरा चांगला असेल तर त्या दोघांच्या मधलं एपेक्स सील, कारण ते दोन चेंबरमध्ये वाटलेलं असतं. इथे दोन खाली, एक चांगला. म्हणजे एक एपेक्स सील गेलंय हे इंजिन उघडायच्या आधीच नक्की होतं, आणि मी धरून चाललो होतो की कोपऱ्याचा त्रिकोणी तुकडा तुटला असणार, हाउसिंगला (रोटर ज्यात फिरतो ते कवच) ओरखडा असणार, टर्बोतल्या टर्बाइनच्या पात्यांची पण वाट लागली असणार.

उघडलं तर काहीच नाही! सगळी सील अख्खी. त्रिकोणी तुकडे जागेवर. स्प्रिंगा एकसारख्या, कॉर्नर सील मोकळे, बोटाने दाबले की परत वर येतात. ज्या सीलवर संशय होता त्याची उंची मायक्रोमीटरने मोजली, दोन्ही टोकांना ७.७८, मध्ये ७.७७, नवीन ८.० असतं आणि लिमिट ६.५, म्हणजे आयुष्य भरपूर शिल्लक. खाचेतला क्लिअरन्स ०.०८ मिमी, लिमिट ०.१५. साइड सीलचा गॅप पण बरोबर. कागदावर बघाल तर हा रोटर परत बसवून टाका म्हणाल, आणि टेस्टर सांगतोय की हाच गळतोय. त्यानंतरचा आठवडाभर मी गॅरेजमध्ये तेच तेच परत मोजत बसलो होतो, बायकोने जेवायला हाका मारणं पण सोडून दिलं.

सोडवलं सासऱ्यांनी. ते पिंपरीला टूलरूममध्ये रिटायर होईपर्यंत होते, सध्या इकडे आलेत आमच्याकडे. त्यांनी वॅन्केल इंजिन आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, पण सील हातात घेऊन बोटावर फिरवलं आणि म्हणाले, "जावईबापू, मायक्रोमीटर उंची सांगतो. सरळ आहे का नाही ते कुठे सांगतो? सरफेस प्लेट आहे का?" तसली तंतोतंत सपाट प्लेट नव्हती, जाड काचेचा तुकडा होता. टिप खाली करून सील काचेवर उभं धरलं, मागून मोबाइलचा टॉर्च, आणि मधोमध प्रकाशाची बारीक फट! टोकं टेकलेली आणि मधला साधारण चाळीसेक मिमी भाग वर. फीलर गेजची ०.१० ची पाती आरामात गेली, ०.१५ ची अडकली. मग उलटं करून बूड खाली ठेवलं तर मधे टेकतंय आणि टोकं डुलतायत. म्हणजे झीज नाहीये, अख्ख्या सीलला बाक आलाय. म्हणूनच उंची सगळीकडे सारखी येत होती. त्यांनी पुढे ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) मारून पण बघायला लावलं, काचेवर पातळ ब्लू पसरून सीलची टिप टेकवली तर रंग फक्त दोन्ही टोकांना लागला, मध्ये कोरं. इतर दोन सीलना पण किंचित बाक आहे पण ०.०४ ची पाती जात नाही.

एकदा हे दिसल्यावर बाकी सगळं पटापट जुळत गेलं. पुढचं हाउसिंग परत उजेडात धरलं तर क्रोमवर दोन्ही कडांना सेंटीमीटरभर चकचकीत पट्टे आणि मध्ये जळक्या तेलाचा तपकिरी थर, जो आधी मी नुसता कार्बन म्हणून पुसायला निघालो होतो. सील मध्ये टेकतच नव्हतं, गॅस तिथून पलीकडे जात होता. आणि हॉट स्टार्टचं कोडंही तिथेच सुटतं: क्रँकिंगला, म्हणजे स्टार्टर फिरवताना, सीलच्या पाठीमागे फक्त स्प्रिंगचा जोर असतो, तो बाक सरळ करायला पुरत नाही. थंड असताना जाड तेल ती फट भरून काढतं, गरम झालं की तेल पातळ, फट उघडी. एकदा इंजिन पेटलं की कम्बशनचा गॅस सीलच्या मागे खाचेत शिरून त्याला हाउसिंगवर दाबतो, म्हणून ताकद कमी झालेली कळतच नाही. डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) हे कधीच सापडलं नसतं.

आता मुद्दा टिकाऊपणाचा, ज्यावर आपली इतकी भांडणं झालीयेत. माझदाचं ओरिजिनल सील हे कास्ट आयर्नचं, टिप इलेक्ट्रॉन बीमने कडक केलेली, झिजायला एकदम चिवट पण ठिसूळ. डिटोनेशन (मिश्रणाचा अवेळी स्फोट) झालं की तुकडा पडतो, तो हाउसिंग ओरबाडत एग्झॉस्ट पोर्टमधून टर्बोत. म्हणून बूस्टवाले आपण सगळे स्टीलकडे गेलो, ते वाकतं पण तुटत नाही आणि विकणारे नेमकं तेवढंच सांगतात. पण न तुटणं म्हणजे टिकणं नव्हे हो. माझं सील तुटलं असतं तर त्याच दिवशी टो ट्रकवर घरी आलो असतो. ते वाकलं आणि गप्प बसलं, आणि सीझनभर फक्त टोकांवर क्रोम घासत राहिलं, एग्झॉस्ट पोर्टच्या बाजूला कडेचं क्रोम आता नखाला लागतंय. टर्बो वाचला हे खरं, आणि ती काही लहान गोष्ट नाही, पण हाउसिंग गेलं. नवीन हाउसिंगचे भाव तुम्हाला माहितीच आहेत.

ज्या दुकानातून सील घेतले त्यांना हार्डनेस आणि बॅच विचारली, उत्तर आलं की असं कधी ऐकलं नाही. माझं स्पष्ट मत, जो विक्रेता मटेरियलचा ग्रेड आणि हार्डनेस लिहून देत नाही त्याच्याकडून एपेक्स सील घेऊ नये, मग फोटो कितीही छान असोत. सिरॅमिक मला झेपणारे नाहीत. १९९१ ला ल मान्सची रेस जिंकलेल्या माझदा ७८७बी च्या आर२६बी इंजिनात सिरॅमिकच होते आणि रेस झाल्यावर उघडल्यावर सुद्धा चांगल्या स्थितीत निघाले म्हणतात, पण तिथे ट्यूनिंग करणारी अख्खी फॅक्टरी मागे होती.

एक समाधान: चॅटर मार्क्स अजिबात नाहीत. साठच्या दशकात माझदाच्या केनिची यामामोटोंच्या टीमने ज्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटलं होतं ते, कपडे धुवायच्या फळीवर असतात तशा आडव्या लाटा. माझं मागच्या रोटरचं हाउसिंग तर आरशासारखं आहे, बोट फिरवलं की कुठे काही लागत नाही. प्रीमिक्स (पेट्रोलमध्येच तेल मिसळणं) मी सोडणार नाही, ऑइल मीटरिंग पंप चालू ठेवून वरून टाकतो, आणि या हाउसिंगकडे बघून ते सार्थकी लागलं असं वाटतं.

मग फक्त पुढचंच का वाकलं? इंजेक्टर काढून फ्लो टेस्टला दिले. पुढच्या रोटरचा सेकंडरी (जास्त लोडला उघडणारा दुसरा इंजेक्टर) बाकीच्यांपेक्षा जवळजवळ ८ टक्के कमी देतोय. सेकंडरी उघडतात तेव्हाच बूस्ट चढलेला असतो, म्हणजे नेमकं लोडखाली पुढचा रोटर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि लीन म्हणजे डिटोनेशनला आमंत्रण. आणि वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) बसलाय टर्बोनंतरच्या डाउनपाइपमध्ये, तिथे दोन्ही रोटरचा धूर एकत्र झालेला असतो, त्यामुळे लॉगमध्ये सुंदर ११.२ दिसत होतं. एक लीन आणि एक रिच असले तरी सरासरी छानच येणार. ही गोष्ट एका सेन्सरवर ट्यून करणाऱ्या सगळ्यांना लागू आहे, प्लीज मनावर घ्या.

प्लॅन होता की सगळे परत स्टील, फक्त वेगळ्या कंपनीचे. ऑर्डर कार्टमध्ये पण टाकून ठेवली होती. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की एकाच इंजिनात पुढे माझदाचे ओरिजिनल आणि मागे स्टील टाकले तर? तेल तेच, पेट्रोल तेच, चालवणारा तोच, सीझनच्या शेवटी दोन्ही उघडून काचेवर ठेवायचे. आपल्यात कुणी केलंय का असं? वजनातला फरक काट्यावर बघावा लागेल, रोटरसकट. आणि तुलना बरोबर व्हायची तर दोन्हीकडे वापरलेलीच हाउसिंग हवीत, पुढे नवीन आणि मागे जुनं घालून काही कळणार नाही. क्लेटनच्या मशिनिस्टकडे सीरिज ५ चं एक वापरलेलं पडलंय, कडेचं क्रोम चांगलं असेल तर घेतो. ३ मिमी जाडीच्या सीलसाठी रोटरच्या खाचा कापून घ्यायचा विचार पण होता (माझदाच्या जुन्या १२ए इंजिनाला ३ होतेच, २ मिमी एफसीपासून आले, आणि माझदाने २०२३ च्या एमएक्स-३० मधल्या ८सी इंजिनाला परत २.५ केलेत), पण एकदा रोटर कापला की ओरिजिनलकडे परतीचा रस्ता बंद, म्हणून आत्ता नाही.

त्याआधी प्रत्येक रोटरला स्वतंत्र ईजीटी (एग्झॉस्टचं तापमान मोजणारा) प्रोब. मॅनिफोल्डवर प्रोब बसवायचे बॉस वेल्ड करायला दिलेत, दोन्ही पोर्टपासून सारख्या अंतरावर. आणि इंजेक्टर चारही नवीन, साफ करून परत बसवायचे नाहीत.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे काढलेले जुने स्टील सील ड्रॉवरमध्ये पडलेत, त्यांनी काचेवर उभे करून टॉर्च मारा आणि कुठली पाती जाते ते सांगा, सोबत बूस्ट किती होता आणि कुठल्या रोटरचं होतं तेवढं लिहा. ओरिजिनलचे पण चालतील. सासरे पुढच्या महिन्यात परत जाणार, तोवर मागच्या रोटरची सील पण त्यांच्याकडून ब्लूवर तपासून घेतो आणि आकडे टाकतो.